जास्वंदीची रांग

बाबांना हल्ली आमच्या गावाचं, तेल्हाऱ्याचं, नावही आठवत नाही. अकोल्याच्या गांधी चौकात औषधं घेऊन मी वळलो, तर ते शेजारी नव्हते. तासभर रिक्षावाल्यांना, हातगाडीवाल्यांना विचारत फिरलो आणि शेवटी जवळच्या जुन्या बागेत शिरलो.

बाबा धोतर खोचून पाइपने जास्वंदीला पाणी घालत होते. बागेत काम करणारी एक बाई पलीकडे गवत खुरपत होती. तिचं खुरपं थांबत नव्हतं, पण नजर सारखी बाबांवर होती.

"तुमचे हायेत?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"फाटकापाशी उभे होते. नाव विचारलं तं सांगता येईना. मी मनलं, बाबा, एवढा पाइप धरा. हाताले काम असलं का माणूस कुठी जात नाही."

मी बाबांचा हात धरायला निघालो, तर तिने खुरप्यानेच मला थांबवलं. "तेवढी रांग होऊ द्या त्यांची."

मी गवतात बसलो.

रांग संपल्यावर बाबा तिला म्हणाले, "झालं ओलित."

ती उठली. एकेका झाडाखालची माती हाताने चाचपत टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "बराबर झालं, बाबा."