पिस्तुलाला खोबरेल

मी पिस्तूल चालवते म्हटल्यावर लोकांना वाटतं, ही बाई कशालाच भीत नसेल. खरं तर माझ्याइतकी घाबरट बाई टेक्सासमधल्या आमच्या अख्ख्या अर्विंग गावात सापडायची नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत आलेली आहे, आणि आमच्याकडे शेगडी विजेची आहे. नेमबाजीत मी रमले ती या स्वभावामुळेच. तिथे प्रत्येक गोष्ट दोनदा तपासावी लागते आणि त्याबद्दल कोणी हसत नाही.

आमचा प्रकार एका जागी उभं राहून निवांत नेम धरायचा नाही. टायमर वाजला की कंबरेचं पिस्तूल काढायचं, पळायचं, लाकडी चौकटींच्या आडून पुठ्ठ्याची निशाणं टिपायची, लोखंडी ताटल्या पाडायच्या. वेळ मोजतात आणि नेमही मोजतात. पिस्तुलाचं तोंड चुकून मागे वळलं तर त्या दिवसापुरता तुमचा खेळ संपला, सामान उचला आणि घरी जा. मला हा नियम फार आवडतो.

नागरिकत्व मिळाल्यावर मी पिस्तूल घ्यायला गेले. दुकानातल्या तरुणाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पर्समध्ये मावेल असं एक चिमुकलं, जांभळ्या मुठीचं पिस्तूल समोर ठेवलं. बायकांना हलकं बरं पडतं म्हणाला. मी ते भाड्याने घेऊन रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, चालवून पाहिलं आणि दोन दिवस मनगट चोळत बसले. हलकं पिस्तूल गोळी सुटली की हातात उसळतं. जड पिस्तूल तो झटका बराचसा स्वतःच सोसतं. शिवाय माझा तळवा लहान. चापापर्यंत बोट नेताना मुठीवरची पकड बदलावी लागली तर ते पिस्तूल आपलं नाही, हे मला माझ्याच नेमबाजीच्या गटातल्या एका टेक्सन बाईने शिकवलं. ती निवृत्त नर्स, सत्तरीला आलेली, आणि ताटल्या आमच्या सगळ्यांच्या आधी पाडणारी. तिच्याबरोबर मी चार दुकानं फिरले. साडी घेतानासुद्धा मी कधी दुकानदाराला इतकं छळलं नव्हतं. शेवटी एक पोलादी, बारीक मुठीचं पिस्तूल घेतलं. हातात धरल्यावर ते कोणाशी हात मिळवावा तसं बसलं.

त्याची निगा राखायलाही तिनेच शिकवलं. गोळीच्या धुरात शिसं असतं म्हणून हे काम जेवणाच्या टेबलावर कधीच करायचं नाही. मी गॅरेजमध्ये, दार अर्धं वर करून, जुन्या टॉवेलवर सगळे भाग मांडते. नळीतून ब्रश फिरवायचा, मग चिंध्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत. वरचा सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, ज्या खाचांतून पुढेमागे होतो तिथे तेलाचा एकेक थेंब, आणि जास्तीचं लगेच पुसून घ्यायचं. गोळ्या भरायची मॅगझीन स्पर्धेत मातीत पडलेली असतात, तीही उघडून पुसायची. मग पिस्तूल बेडरूमच्या कपाटातल्या, आकडा जुळवून उघडायच्या पोलादी पेटीत. गोळ्या वेगळ्या डब्यात, आणि त्या डब्याची किल्ली चोवीस तास माझ्याजवळ.

वसंतात आई गेली आणि उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. नागपूरला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. कुठलीही नदी विचारा, उगमापासून मुखापर्यंत सांगणार. इथे आल्यावर मात्र ते गप्पच झाले. आठवड्याचे चार दिवस नवरा कामासाठी बाहेरगावी, मी ऑफिसला, आणि बाबा घरात एकटे. अर्धी पोळी ताटात तशीच राहायला लागली. भारतीय किराणा दुकानापर्यंत चालत जायचे, ते बंद झालं. एकदा वरण वाढताना मला म्हणाले, "मी कशाला राहून राहिलो गं आता?" मी म्हटलं, "असं काय बोलता, बाबा," आणि लोणचं पुढे केलं. दुसरं काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर मी रोज दुपारी ऑफिसमधून फोन करायला लागले. रिंग वाजत राहिली की मी लगेच पुन्हा लावायचे. दोनदा तर मी मीटिंग सोडून घरी आले. एकदा बाबा अंघोळीला गेले होते आणि एकदा झोपले होते. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "काय विसरली होतीस?"

फक्त गॅरेजमध्ये ते थोडे खुलायचे. मी पिस्तूल साफ करायला बसले की घडीची खुर्ची उघडून समोर बसायचे आणि प्रश्न विचारायचे. हा ब्रश पितळेचाच का? तेल किती? कशासाठी? मी सांगायचे, "हाताला घाम असतो ना बाबा, हात लागला की पुसून तेल लावायचं, नाहीतर गंज धरतो." ते मान हलवायचे. वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखे ऐकायचे. मला वाटायचं, चला, काहीतरी तरी त्यांना आवडतंय.

ऑक्टोबरभर कामाचा इतका धबडगा होता की मी पेटी उघडलीच नाही. नोव्हेंबरमध्ये स्पर्धा होती, रविवारी सकाळी. निघताना पिस्तूल रिकामं आहे ना हे पाहिलं, स्लाइड एकदा मागे ओढून सोडली, छान सरकली. बाबांना थंडी वाजते म्हणून घरात हीटर वाढवलेला होता. बाहेर मात्र आदल्या दिवशीच उत्तरेचा वारा सुटला होता आणि गवतावर पांढरं दव गोठलं होतं. नवरा विमानाने पार्सिपनीला त्याच्या बहिणीकडे गेला होता. बाबा उठले होते, चहा पीत होते. मी येते म्हटलं, त्यांनी हात हलवला.

माझा नंबर येईपर्यंत पिस्तूल तासभर गारठ्यात होतं. टायमर वाजला, पहिली गोळी सुटली, आणि स्लाइड मागे जाऊन इतकी सावकाश पुढे आली की मला ती येताना दिसली. ती पूर्ण बसलीच नाही. चाप दाबला, काही नाही. तळव्याने मागून रेटलं, एक गोळी गेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अडकल्यावर मी थांबले. रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली पिस्तूल रिकामं केलं आणि बाजूच्या टेबलाशी गेले. तिथे पिस्तूल उघडता येतं, पण गोळीला हात लावायची परवानगी नसते.

स्लाइड काढली तर खाचांमध्ये पांढरट, घट्ट काहीतरी बसलेलं. स्प्रिंगच्या वेढ्यांतही तेच. मी बोटावर घेऊन पाहिलं, ते ऊब लागताच विरघळलं. नाकाशी नेलं. खोबरेल. नागपूरच्या थंडीत न्हाणीघरातल्या बाटलीत थिजतं, तेच. आमच्या घरात खोबरेल एकच माणूस लावतो. नवऱ्याला लावायला केस नाहीत, आणि मला त्या वासाने डोकं दुखतं.

म्हणजे बाबांनी पेटी उघडली होती. मी घरात नसताना बाबांनी माझं पिस्तूल हातात घेतलं होतं.

माझा चेहरा बघून नर्सबाई जवळ आली. मी तिला सगळं सांगितलं: आई, अर्धी पोळी, वरण वाढतानाचं ते वाक्य. सांगताना मला जाणवलं की हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी सलग सांगतेय. तिने फक्त दोन गोष्टी विचारल्या. गोळ्या कुठे आहेत? किल्ली कुठे आहे? मी जाकिटाच्या खिशातली किल्ली तिला काढून दाखवली.

"आस्क हिम," ती म्हणाली. "सरळ, त्याच शब्दांत. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते येत नसतं. आणि पिस्तूल पेटीसकट आजच माझ्या घरी आणून टाक. दार उघडं आहे."

गाडीत बसून घरी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मी हायवेवर किती वेगाने गेले ते सांगत नाही. पिस्तूल माझ्याबरोबर गाडीत आहे, गोळ्या बंद आहेत, किल्ली माझ्याकडे आहे, हे मी स्वतःला मोठ्याने सांगत होते, पण काळजी करणाऱ्या माणसाला कुलपाचा काय उपयोग? घरात काय फक्त पिस्तूलच असतं? औषधं असतात, सुऱ्या असतात. आमच्या घरामागे तळं आहे. मला त्या पंधरा मिनिटांत आमचं घर पहिल्यांदा नीट दिसलं आणि त्यातली एकही वस्तू मला भरवशाची वाटेना.

बाबा मागच्या अंगणात उन्हात बसले होते. स्वेटर, त्यावर माझी शाल, हातात संत्रं. फोन आत चार्जिंगला. मी त्यांच्यावर ओरडले. फोन जवळ ठेवायला काय होतं, माणसाने किती घाबरायचं, असं काहीबाही. ते संत्र्याची फोड हातात धरून बघत राहिले. मग मला रडू आलं आणि मी त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसले.

"बाबा, माझी पेटी तुम्ही उघडली होती?"

"हो," ते म्हणाले. जराही लपवलं नाही.

"आकडा कोणी सांगितला?"

"सांगायला कशाला पाहिजे? आपल्या नागपूरच्या घरचा पिनकोड टाकला. तुझ्या डोक्यात दुसरा कोणता आकडा राहणार आहे?"

हे खरं होतं. माझ्या बॅगांना, फोनला, सगळ्याला तोच आकडा. नवऱ्याच्या बॅगेला त्याच्या गावचा.

"खंडेनवमी होती," बाबा सांगू लागले. "आपल्याकडे घरातलं लोखंड पुजतात. तुझी आई शिवणाची मशीन पुजायची, कात्री, विळी, माझी स्कूटर. इथे दुसरं काय आहे पुजायला? हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, मग नीट पुसून घेतलं. हात लागला की तेल लावायचं, तूच तर म्हणतेस. तुझं तेल दिसलं नाही, म्हणून माझं लावलं. जास्त झालं का?"

मला हसू फुटलं. एका पोलादी पिस्तुलाला खोबरेल लावून त्याची चंपी करणारा बाप जगात मलाच मिळायचा होता. इतकं हलकं वाटलं की मी उठून चहा टाकायला निघालेसुद्धा. दारापर्यंत गेले आणि थांबले. नर्सबाईने सांगितलेला प्रश्न मी विचारलाच नव्हता. लोणच्याची बरणी पुढे करून मी एकदा सुटका करून घेतली होती.

परत आले. इंग्रजीत तो प्रश्न सोपा होता. मराठीत तो माझ्या तोंडातून निघता निघेना.

"बाबा, जीव द्यायचं मनात येतं का तुमच्या? पेटी उघडली तेव्हा आलं होतं?"

त्यांनी संत्रं बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

"उघडली तेव्हा नवमी आहे हे कुठे माहीत होतं मला?" ते म्हणाले. "तुम्ही दोघं कामावर. मी ते मांडीवर घेऊन बसलो होतो. गोळ्या नव्हत्याच, ते मला माहीत होतं. तरी बसलो होतो. मग तुझ्या आत्याचा फोन आला. म्हणे, दादा, खंडेनवमी आहे, पूजा केली का? मी म्हटलं, करूनच राहिलो."

मी त्यांचा हात धरला. तो गार होता आणि त्याला संत्र्याचा वास होता. आत्याला यातलं काहीच माहीत नाही, अजूनही नाही.

"तू विचारलंस ते बरं केलंस," बाबा म्हणाले. "मला सांगता येत नव्हतं."

चहा राहिलाच. मी डॉक्टरांच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईशी बाबा स्वतः बोलले, भूगोलाच्या मास्तरांच्या इंग्रजीत, एकेक वाक्य पूर्ण करून. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. मग मी नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, मी आजच निघतो. आणि मग मी पिस्तूल पेटीत घालून ती पेटी आणि गोळ्यांचा डबा, दोन्ही गाडीच्या डिकीत ठेवले. बाबांना घरी ठेवून जाणं शक्यच नव्हतं. ते शाल गुंडाळून शेजारी बसले.

नर्सबाईने पेटी आत नेली आणि बाबांशी हात मिळवला. परत निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पुढच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर बाबांनी विचारलं, "परत कधी आणशील?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा," मी म्हटलं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला तरी माझी गाडी जागची हलली नाही, कारण मी बाबांकडे बघत होते आणि ते खरोखरच विचार करत होते.

"इतक्यात नको," बाबा म्हणाले.