माफी न लिहिलेला अर्ज

उत्तरेश्वर अर्जनवीस तहसील कचेरीबाहेरच्या लिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून बसत. निजामाच्या अमदानीत ते लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत, विलीनीकरणानंतर मराठीत लिहू लागले. हात डावीकडून उजवीकडे जायला शिकला, पण सुरुवात तीच राहिली: ‘मायबाप सरकार, ताबेदाराच्या गुन्ह्याची माफी असावी.’ विहिरीची परवानगी हवी असो की शेतसाऱ्यात सूट, आधी माफी. सरकारच्या दारात आलेल्या माणसाचं काहीतरी चुकलंच असणार, हे त्यांच्या हाताला तीस वर्षांत पाठ झालं होतं. ते स्वतः तसं मानत होते का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

अठ्ठावन्न साली मुरुमकडची गजराबाई त्यांच्यासमोर येऊन बसली. बुरडाची बाई, सुपं, टोपल्या विणून आठवडी बाजारात विकायची. बाजाराचा कर वसूल करायचा गुत्ता त्या वर्षी लिलावात एका नव्या माणसानं घेतला होता. त्यानं दुप्पट कर मागितला. तिनं पावती मागितली. त्यानं तिची बांबू चिरायची कत्ती उचलून नेली आणि पुन्हा या बाजारात बसायचं नाही म्हणून बजावलं. कर घेणारा तोच, गुन्हा ठरवणारा तोच, शिक्षा देणाराही तोच. वर निरोप धाडला: तहसीलदारसाहेबांच्या नावे माफीचा अर्ज दे, कत्ती आजच मिळेल, जागाही मिळेल.

उत्तरेश्वरांनी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला.

‘थांबा,’ ती म्हणाली. ‘गुन्हा कुनी केला म्हनं?’

‘तसं लिहायची रीत हाय, बाई.’

‘मग त्या रीतीचाच अंगठा घ्या. माझा कशाला?’

‘एक शब्द हाय नुसता. कत्ती सांजच्याला हातात येईल.’

‘आन् फुडल्या बाजारी त्यो म्हनंल, हिनंच कबूल केलंय. मग?’

रस्त्यापलीकडं मुन्सफ कोर्टाची कौलारू इमारत होती. रोज दिसायची, पण कचेरीचं आणि कोर्टाचं, ही दोन्ही दारं एकाच घरात उघडतात, असं धरून उत्तरेश्वर चालत आले होते. त्या दिवशी त्यांनी त्या इमारतीकडं पुन्हा पाहिलं.

‘गजराबाई, सरकार मायबाप खरं. पण आता माय येगळी ऱ्हाती आन् बाप येगळा. वसुली हिकडं. वसुली करणारा चुकला, तर ऐकून घ्यायला तिकडं.’

‘दोघांचं पटत न्हाय व्हय?’

‘लई पटू नये म्हणूनच येगळं ठेवल्यात.’

‘माझ्या सासूसासऱ्याला ठेवाय पायजे हुतं तसं,’ ती हसली.

‘पण तिकडं येळ लागंल. चार म्हैने, सहा म्हैने. तवर ना कत्ती, ना जागा.’

‘जावंची कत्ती हाय,’ ती म्हणाली. ‘ ती डावखुरी, कत्तीबी डावखुरी. करीन तिच्यावर. दारोदार फिरून इकीन. पर माफी लिहू नगा.’

त्यांनी कागद फाडला. नव्यावर तिचं नाव, काय घडलं आणि काय हवं, एवढंच लिहिलं. हात दोनदा अडला.

पाच महिने गेले. डावखुऱ्या कत्तीनं तिची बोटं दोनदा कापली. अखेर ती मुन्सफांसमोर उभी राहिली. वकील नव्हता.

‘साहेब, बाजार माझ्या गुत्त्यात हाय,’ गुत्तेदार म्हणाला.

‘बाजाराचा कर तुमच्या गुत्त्यात आहे,’ मुन्सफ म्हणाले. ‘बाई नाही.’

निकाल चार ओळींचा होता. ठरलेला कर तिनं द्यावा, त्याची पावती त्यानं द्यावी. कत्ती परत करावी. जागा तिचीच.

‘कर द्याय म्या कवा न्हाय म्हनलं?’ ती म्हणाली आणि कोर्टात हजर केलेली कत्ती हातात येताच तिथंच अंगठ्यानं तिची धार पाहू लागली. शिपायानं तिला बाहेर काढलं.

त्या निकालाची नक्कल मी केली. मी तेव्हा त्या कोर्टात नक्कलनवीस होतो. स्वातंत्र्य हा शब्द मी सभांमधून पुष्कळ ऐकला होता. तो एका बुरडीणबाईच्या कत्तीलाही लागू आहे, हे मला त्या चार ओळींनी सांगितलं. त्याबद्दल मी गजराबाईचे आणि उत्तरेश्वरांचे उपकार अजून मानतो.

पुढच्या बाजारानंतर गजराबाई पुन्हा लिंबाखाली आली. पदराच्या गाठीतली पावती सोडून तिनं पुढं केली. ‘वाचा.’

उत्तरेश्वरांनी वाचली: तारीख, तिचं नाव, ठरलेला कर, घेणाऱ्याची सही. तीस वर्षं ते माणसांकडून वर जाणारे कागद लिहीत आले होते. वरून खाली आलेला, आणि खालच्या माणसाकडून काही मिळालं असं कबूल करणारा कागद त्यांच्या हातात क्वचितच आला असेल. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

‘तुमच्यामुळं झालं बगा, भाऊ.’

‘न्हाय बाई,’ ते म्हणाले. ‘तुमच्यामुळं.’

‘बरं, कुनामुळं का हुईना. द्या हिकडं, मोटार निघंल.’