बोईटाचं डोकं
बोईट मासा तळायला घेतला की मला कैरोहून रेल्वेने केलेली अलेक्झांड्रियाची ती एका दिवसाची सहल आठवते. नवरा तेव्हा कैरोत नोकरीला होता. सगळ्यात स्वस्त डब्यात बसून, मी चारकोपहून नेलेल्या दशम्या खात तो म्हणाला, "तुझ्यासाठी थांबलो होतो गं, मी पण पहिल्यांदाच चाललोय." समुद्रकाठच्या टपरीवर खारा वारा होता, जिऱ्याचा वास होता. टपरीवाल्याने नवऱ्याला ओळखीचं हसून सलाम केला, माझ्या बोईटाचं डोकं छाटून बाजूला टाकलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मॅडमला डोकं नको असतं, लक्षात आहे माझ्या." आमच्या घरात डोकं मीच खाते, हे नवऱ्याला लग्नापासून माहीत. तो समुद्राकडे बघत राहिला. आता मी एकटीपुरताच मासा आणते आणि आधी डोकं खाते.