एसीतून पाठवणी

एसीचा गॅस गळतो, किस्से गळत नाहीत! नव्वदच्या दशकात कोलशेत रोडला मी आणि सावंत, दोघांनी मिळून गाड्यांच्या एसीचं गॅरेज चालवलेलं. कुठल्या गाडीत किती गॅस भरला ते विसरलो, पण माणसं एकही विसरलो नाही.

सावंतचा एकच नियम. बॉनेट उघडलं की आधी पाइपांना हात लावायचा. एक पाइप गरम आणि दुसरा गार लागला, तर ठीक. "आधी हात, मग तोंड!" हे तो गिऱ्हाइकालासुद्धा ऐकवायचा. गिऱ्हाईक चिडायचं, पण परत आमच्याकडेच यायचं.

* * *

डोंबिवलीचे एक मास्तर होते. एसीवाली जुनी गाडी घेतलेली. एक दिवस आले ते हातात बरणी घेऊन. आत पाणी!

"हा तुम्ही भरलेला गॅस. सगळा हिच्या पायांवर गळला. थेंब न् थेंब जमवलाय. परत भरा!"

अहो, हवेतलं पाणी ते, गार कॉइलवर जमलेलं! बाहेर जायची नळी तुंबलेली, म्हणून आत सांडत होतं. सावंतनं नळीत तार घातली, काम झालं. मग मास्तरांना नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि जाताना बरणी आमच्या टेबलावर ठेवली.

"असू दे. दुसऱ्या कुणाला लागला तर!"

* * *

कल्याणच्या एका डॉक्टरांचं अक्षर असं, की केमिस्टनं हात टेकावेत. त्यांच्या गाडीतून हवाच येईना. ब्लोअर उघडला, तर आत उंदराचं घरटं! डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कुरतडून मस्त गादी केलेली.

सावंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "डॉक्टर, तुमची चिठ्ठी लागू पडली बरं का!"

सगळ्यात जास्त डॉक्टरच हसले.

* * *

आणि आमचे धर्मादादा! कोलशेतचे कोळी, खाडीत होडी. त्यांनी तिसऱ्या हाताची गाडी घेतली, ती फक्त एसीसाठी.

"मोठीला मे महिन्यात पाठवली, तं बिनएसीच्या गारीत चक्कर येऊन परली. सासरी पोचली ती उलट्या करत. ते बगून धाकटी बोलते, मी लगीनच करनार नय! मंग मी शब्द दिला, तुला एसीतून पाठवीन."

लग्न पंधरा दिवसांवर. तेही मे महिन्यातच!

सावंतनं बॉनेट उघडलं आणि बघतच राहिला. कॉम्प्रेसरच्या बेल्टच्या जागी जाळ्याची नायलॉन दोरी!

"बेल्ट तुटला. मंग गाठ मारली."

सावंत पोट धरून हसला. मग अर्धा तास ती गाठ सोडवत बसला. शेवटी हॅकसॉनं कापावी लागली.

"आमची गाठ सुटत नय!" दादा मिशीत हसले.

* * *

खरं दुखणं पुढेच होतं. गॅस भरला की दोन दिवसांत गायब. सावंतनं जॉइंटन् जॉइंट साबणाच्या फेसानं तपासला. एक बुडबुडा नाही! आठवडा गेला. सावंतचं जेवणात लक्ष लागेना.

दादा म्हणाले, "होरीचं भोक बाहेरून कवा दिसलंय? आतून बगा ना."

सावंतला ते पटलं. त्यानं डॅशबोर्ड खोलून आतली कॉइल काढली. हवा भरून ती पाण्यात बुडवायची होती, म्हणून दादांनी घरचा मोठा टप आणला. कॉइल बुडवली आणि आले बुडबुडे! टाचणीएवढं भोक! वेल्डिंग केलं, कॉइल बसवली, एसी लावला. काय गार वारा! पण सुक्या बोंबलाचा.

"दादा, तो टप कसला होता?"

"बोंबील धुवायचा."

"अहो, वास येतोय!"

"कंचा वास?"

सावंतनं ती कॉइल परत काढून तीनदा धुतली.

* * *

लग्नाला आम्ही दोघंही गेलेलो. भर दुपार, ऊन मी म्हणतंय. सावंतनं अर्धा तास आधी एसी लावून, काचा बंद करून गाडी गारेगार करून ठेवलेली. नवरी बसली, आणि दादांनी चारही काचा खाली केल्या!

सावंत ओरडला, "दादा, काचा वर! सगळा गारवा चाललाय!"

"काचा वर केल्या तं माजी पोर कोनाला दिसंल? अख्खी आळी उभी हाय!"

पुढे बँड, मागे पावलापावलानं गाडी, बाजूनं हात जोडत सावंत. नवरीच्या आजीनं नातीच्या गालाला लावायला हात खिडकीतून आत घातला आणि ती तिथंच थांबली.

"गो बायांनो, हात लावा! गार हाय!"

झालं! दारादारातून बायका धावल्या. पिठाचे हात, ओले हात, हिरव्या बांगड्यांचे हात. नवरी रडायचं विसरून हसत सुटली. सावंतनं जोडलेले हात सोडले. नंतर बघतो तर त्याचेच डोळे भरलेले.

आळी संपली तशा काचा वर चढायला लागल्या. शेवटचा हात मोठ्या बहिणीचा. तो तिनं बराच वेळ आत ठेवला. मग दार उघडलं आणि धाकटीला म्हणाली,

"सरक गो जरा. माजी पाठवनी रायलीय."