मदरबोर्ड घ्यायला मी गेले

इकडे हिंदी मुलखात, रसमड्याच्या एका रोलिंग मिलच्या स्टोअरमध्ये मी बरीच वर्षं काम करते. ट्रकमधून आलेला माल उतरवून घ्यायचा, खोका उघडायचा, बेअरिंग असो की रिले, त्यावरचा नंबर ऑर्डरच्या कागदाशी जुळवायचा आणि जुळला नाही तर माल परत पाठवायचा. पाठवणाऱ्याचा फोन येतो, ‘मॅडम, चल जाएगा.’ मी म्हणते, नाही चालणार. या एका वाक्यासाठी मिलमध्ये माझा राग करणारेही आहेत.

लेक शिकायला नागपूरला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्यावर ट्रक चालवायचा एक गेम होता. रोज गेटवर ट्रकची नोंद करणारी मी, एका रविवारी सहज त्याच्यासमोर बसले आणि पहिल्याच घाटात ट्रक उलटवला. पुढच्या रविवारी घाट पार केला. मग ड्यूटीवरून आल्यावर तासभर खेळायचं ठरूनच गेलं. दोन वर्षांनी तो कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा घरच्यांना वाटलं की माझं खूळही गेलं. मी सांगून टाकलं की नवा कॉम्प्युटर येणार, तो गेमसाठीच असणार, आणि सुटे भाग आणून मीच जोडणार.

लेक फोनवर म्हणाली, लॅपटॉप घे ना आई, झंझट नाही. नवरा स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. त्याला जोडण्याचं नवल नव्हतं, पण मी जोडणार याचं होतं. ‘कावून एवढा उपद्व्याप करून राहिली?’ तो म्हणाला. ‘दुकानात तयार भेटते ना.’ मी म्हटलं, तयार डब्यात आत काय बसवलंय ते मला दिसत नाही. वैशाली नगरहून नणंद आली होती. ती माझ्यापेक्षा मोठी, स्पष्ट बोलणारी. म्हणाली, ‘पोरीचं लग्न पाहाच्या वयात मायनं गेम खेळावा काय?’

‘हो ताई, खेळावा,’ मी म्हटलं. तिला उत्तराची अपेक्षा नव्हती. ती चहा प्यायली आणि विषय पोह्यांवर गेला.

महिनाभर मी वाचत होते, व्हिडिओ बघत होते. प्रोसेसर ठरवणं सोपं गेलं. मदरबोर्डला वेळ लागला, कारण बाकी सगळं त्याच्यावरच बसतं. तो चुकला की सगळंच चुकतं. मला मेमरीच्या चार खाचा हव्या होत्या, म्हणजे दोन आज भरता येतील आणि दोन पुढे कधीतरी. आणि वीज जिथून प्रोसेसरला जाते तिथे उष्णता ओढून घेणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्या हव्या होत्या. मे महिन्यात आमच्या क्वार्टरमध्ये कूलर चालू असूनही भिंती तापतात. पातळ पट्ट्यांचा बोर्ड तिथे किती टिकेल याची मला शंका होती. दोन्ही गोष्टी असलेला एक बोर्ड सापडला. त्याचा नंबर मी वहीत उतरवला आणि दुकानात गेले.

दुकानदाराने वही बघितली, मला बघितलं, आणि रंगीत दिव्यांचा एक लहानसा बोर्ड काढून समोर ठेवला. त्याला दोनच खाचा होत्या. मी तसं म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, घर में कोई जेंट्स हों तो भेज दीजिए, उनको समझा दूँगा. मी म्हटलं, समजावायचं असेल तर मला समजावा. मग तो म्हणाला की मॅडम, सब एक ही है.

‘एक ही है, तो फिर मेरावाला दे दीजिए,’ मी म्हटलं.

त्याच्याकडे तो नव्हता. आगाऊ रक्कम घेऊन आठवड्यात मागवतो म्हणाला आणि खरंच मागवला.

घ्यायला गेले त्या दिवशी नवरा बरोबर होता. काउंटरवर खोका आला. मी म्हटलं, उघडा. दुकानदार म्हणाला, इथे कोणी उघडत नाही, घरी जाऊन बघा. मी पर्समधून भिंग काढलं. बेअरिंगवरचे बारीक नंबर वाचायला ते मी नेहमी जवळ ठेवते. त्याने नाइलाजाने खोका उघडला. प्रोसेसर बसतो त्या चौकोनात केसांसारख्या बारीक पिना असतात, ओळीने, शेकड्यांनी. मी एकेक ओळ बघत गेले. माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांची चुळबुळ ऐकू येत होती. कोपऱ्याजवळच्या तीन पिना वाकलेल्या होत्या.

दुकानदाराने भिंग घेतलं, बघितलं, म्हणाला की सुईने सरळ करून देतो, दोन मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. मग तो नवऱ्याकडे वळला, ‘सर, आप ही समझाइए.’

नवऱ्याला चारचौघांत वाद नको असतो. तो हळूच मला म्हणाला, ‘घेऊन घे ना, करून देऊन राहिला ना तो.’

तेव्हा मला दुकानदारापेक्षा त्याचाच जास्त राग आला. पण मी आवाज चढवला नाही. स्टूल ओढलं, काउंटरसमोर बसले आणि सांगितलं की पिना चांगल्या असलेला बोर्ड मागवतो असं लिहून द्या, तोवर मी इथेच बसते. नवरा बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभा राहिला. गिऱ्हाइकं येत होती, माझ्या डोक्यावरून सामान मागत होती. पाऊण तासाने दुकानदाराने पावतीमागे दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि पावती माझ्याकडे सरकवली.

घरी आल्यावर नवऱ्याने मी दुकानातच मोबाइलवर काढून ठेवलेला पिनांचा फोटो मागितला. मोठा करून बराच वेळ बघितला. ‘प्लांटमध्ये असा माल आला असता तं मीनंही नसता घेतला,’ तो म्हणाला. मी विचारलं, मग तिथे का नाही बोललास? एवढ्यावर मी त्याला सोडलं नाही. दोन दिवस कामापुरतंच बोलले.

दुसरा बोर्ड आला. तोही मी काउंटरवरच उघडायला लावला, सगळ्या ओळी तपासल्या, मग घेतला. रविवारी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून सगळं जोडलं. बटण दाबलं तर पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. बोर्डवर मेमरीपाशी एक छोटा लाल दिवा लागला होता. नवरा पुढे झाला. मी त्याला हाताने थांबवलं. मेमरीच्या दोन पट्ट्या काढल्या, पुन्हा खाचांत ठेवल्या आणि एकेक पट्टी दोन्ही अंगठ्यांनी ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबली. या वेळी स्क्रीन उजळली.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की कॉम्प्युटर आतल्या खोलीत ठेवू, येणारेजाणारे बघतात. मी तो बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवला. पाहुणे आले की हमखास विचारतात, मुलीचा का? मी सांगते, माझा आहे.