नानकटाईवरचं आंब्याचं पान

आज नातीने पहिल्यांदाच नानकटाया केल्या. तिने ओव्हन उघडला, तूप-वेलचीचा वास घरभर पसरला आणि मी थेट लहानपणीच्या बेकरीत पोचले.

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या रत्नागिरीत घरोघरी नानकटाईचं पीठ मळायचे आणि ट्रे भरून बेकरीत भाजायला न्यायचे. त्या वर्षी आईने गोळे वळायला मला बसवलं. सगळे मधोमध काजू लावत. मी मात्र परसातल्या आंब्याच्या कलमाचं कोवळं पान प्रत्येक गोळ्यावर दाबून उचललं.

"काय गो हे? लोक हसतील," आई म्हणाली.

भट्टीत ट्रेंवरच्या नावाच्या चिठ्ठ्या करपून गेल्या. काजूवाल्या नानकटाया सगळ्या सारख्याच, त्यामुळे बायकांना आपापला ट्रे ओळखेना. आमच्या नानकटायांवर मात्र पानाची शीर न् शीर उमटली होती.

बेकरीवाले चाचा ट्रे उंच धरून म्हणाले, "ही कारागिरी कुणाची?"

कधी कौतुक न करणारी आई पदर सावरत सगळ्यांच्या पुढे गेली. "आमच्या शुभीची."

तेव्हा वाटलं, ट्रे सापडला म्हणून ती खूश आहे. आज नातीच्या वाकड्यातिकड्या नानकटाया घेऊन शेजारी निघाले, तर दारातच माझाही हात पदर सावरायला खांद्याकडे गेला. अंगात गाऊन होता.