अंबाजोगाईला नेलेल्या दोन माश्या

तलवाड्याहून एस.टी.त बसलो तेव्हा कारभारणीच्या (बायकोच्या) मांडीवर भाकरीचं गठुडं होतं आणि माझ्या मोबाइलात दोन माश्यांचे फोटो. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं धुरकटले होते. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन अंबाजोगाईला ठरलं होतं. माश्यांचं भांडण मात्र घरचं, जुनं.

दुष्काळात आमच्या दूध सोसायटीचं कॅन धुतलेलं पाणी ओघळून जायचं. तिनं त्यावर कोथिंबीर लावली आणि फुलू दिली. रानात दुसरं फूल नव्हतं, म्हणून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या तिथंच यायच्या, हवेत जागच्या जागी थांबायच्या. ही सिरफिड माशी. तिच्या अळ्या मावा (पिकाचा रस शोषणारी कीड) खातात. नजर चांगली होती तेव्हापासून कारभारीण म्हणायची, ह्या दोन जाती हायेत. मी म्हणायचो, एकच.

माजलगावला गाडी बदलली. तिला दुसऱ्या गाडीत बसवून मी चहाला उतरलो आणि ती गाडी हललीच. धावत जाऊन दांडा धरला. कंडक्टर बोलला ते इथं लिहीत नाही. शेजारी बसलो तर तिनं माझी बाही चाचपून धरली, आणि पुढच्या वाटेत सोडली नाही. धारूरचा घाट चढताना हळूच म्हणाली, "न्हाईच दिसलं तर?"

मी भाकरीचं गठुडं सोडलं, शेंगदाण्याची चटणी तिच्या हातावर ठेवली.

आमची नात प्रज्ञा अंबाजोगाईच्या कॉलेजात कीटक शिकवते. संध्याकाळी तिनं फोटो मोठे केले. रंगावर जायचं नाही म्हणाली, ऊन-थंडीनं तो गडद-फिका होतो. डोळे माथ्यावर चिकटलेले असले तर नर, मध्ये फट असली तर मादी. मी लगेच बघितलं. एकाचे चिकटलेले, दुसरीला फट.

"झालं. नवरा-बायको हायेत. जात एकच," मी म्हणालो.

प्रज्ञा हसून काही सांगणार, तोच कारभारीण म्हणाली, "तू सांगू नको पोरी. मी बघीन."

दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसून होतो. प्रज्ञानं पोहे आणले, ते तसेच गार झाले. आयुष्यभर माझाच शब्द खरा व्हावा असं वाटत आलं. त्या बाकावर मात्र वाटलं, तिचाच व्हावा.

पुढच्या सकाळी पट्टी निघाली. कारभारणीनं बराच वेळ डोळा मिचकावला, पाणी आलं. मग मोबाइल मागितला, जवळ नेला, लांब धरला.

"अवो," ती म्हणाली, "हिच्या जाड काळ्या पट्ट्याखाली बारीक रेघ हाय. ह्याला न्हाई. कसले नवरा-बायकू?"

मी प्रज्ञाकडं बघितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे आबा. ती रेघ त्या जातीच्या नराला पण असते, मादीला पण. या दोन वेगळ्या जाती आहेत."

"तुमाला चांगल्या डोळ्यांनी दिसंना व्हय?" कारभारीण म्हणाली. मी मान खाली घातली. माझे डोळे तिला दिसू नयेत म्हणून.

परतीला खिडकीची जागा तिनं घेतली. बोडके डोंगर, कोरड्या विहिरी, पाण्याचा टँकर, सगळं मलाच दाखवत आली. दुष्काळ इतका आवडीनं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बातमी फोनवरून आधीच पोचलेली, सोसायटीवर गडी टपलेलेच होते. एकानं विचारलं, काय रं, म्हातारीनं हरवलं म्हणं. मी कुणापुढं हार कबूल केलेली गावाला आठवत नाही. पण त्या दिवशी दूध घालायला जो येईल त्याला थांबवून, हरलो कसा ते सांगत बसलो.